ओंजळीतला मासा

शतपथ ब्राह्मणात मनूची एक कथा आहे. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातून एक इवलासा मासा मनूच्या ओंजळीत आला आणि त्याने अभय मागितले. आपण लहान आहोत तोवर मोठे मासे आपल्याला गिळणार, म्हणून आपल्याला जपावे आणि पुढे येणाऱ्या जलप्रलयात आपण मनूला तारू, असे त्याचे मागणे होते. मनूने त्याला प्रथम घटात ठेवले. घट पुरेना, तेव्हा खड्डा खणून त्यात ठेवले आणि तो पुरेसा मोठा झाल्यावर समुद्रात सोडले. पुढे प्रलय आला तेव्हा त्याच माशाच्या शिंगाला मनूने आपली नाव बांधली आणि मानववंश वाचला. मत्स्यावताराची कथा घराघरांत सांगितली जाते, तेव्हा प्रलय, नाव आणि शिंग असलेला महामत्स्य एवढेच बहुधा ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते. परंतु त्या महामत्स्याचे बालपण एका घटात आणि एका खड्ड्यात गेले होते, हा कथेचा पूर्वार्ध मात्र विस्मरणात जातो. समुद्रातील जीवसृष्टीच्या रक्षणाचा विचार करताना आज नेमका हा पूर्वार्धच आठवण्याची गरज आहे. कारण मुंबईच्या समुद्राचा तो घट मुंबईच्या अंगणातच आहे आणि त्याला तडे जात आहेत.

ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम तीरावर, मुंबईच्या पूर्व उपनगरांचे टोक जिथे पाण्यात शिरते, तिथे ट्रॉम्बे वसलेले आहे. जुन्या मराठी माणसाच्या तोंडी हे तुर्भे. स्वतंत्र भारताच्या उभारणीत या चिमुकल्या भूभागाचा वाटा असामान्य आहे. १९५४-५५ मध्ये येथे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, १९५६ मध्ये औष्णिक वीज केंद्र उभे राहिले, १९६५ मध्ये खत कारखाना आला. डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली येथेच अणुऊर्जा संशोधनाची पायाभरणी झाली आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. पोखरणच्या दोन्ही अणुचाचण्यांमागे ट्रॉम्बेतील शास्त्रज्ञांचे परिश्रम होते. देशाच्या शेतीला खत, मुंबईला वीज, वाहनांना इंधन आणि राष्ट्राला आत्मविश्वास देणाऱ्या या भूमीविषयी प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटला पाहिजे.

याच ट्रॉम्बेला आणखी एक ओळख आहे आणि ती या सर्वांहून कितीतरी जुनी आहे. येथे कोळीवाडा आहे. भट्ट्या पेटण्याच्या आणि धुराडी उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून येथील होड्या खाडीत जात होत्या. बोईट, जिताडा, शिंगाळा, कोलंबी, चिंबोरी, निवटे आणि कालवे यांवर येथील चुली पेटत होत्या. कारखान्यांच्या भिंती आणि कोळीवाड्याचा धक्का यांच्यामध्ये पसरलेला काळाभोर चिखल आणि त्यात मुळे रोवून उभी असलेली तिवरांची रांग हा या दोन्ही ट्रॉम्ब्यांमधला दुवा आहे. शहराच्या दृष्टीने मात्र हा चिखल म्हणजे निरुपयोगी जागा; भराव टाकला तरच तिची किंमत.

हा चिखल काय काम करतो, हे एकदा समजून घेतले पाहिजे. कोलंबीचेच उदाहरण घ्यावे. बाजारात येणाऱ्या अनेक जातींची कोलंबी खुल्या समुद्रात अंडी घालते. त्यांतून बाहेर पडलेली, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी पिल्ले भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत येतात. तेथे तिवरांची पाने गळून कुजतात, त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्या कुजलेल्या पानांच्या पिठावर ही पिल्ले पोसली जातात. चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांच्या जाळीत मोठ्या माशांना शिरता येत नाही, म्हणून ती तिथे सुरक्षितही राहतात. काही आठवड्यांनी वाढलेली कोलंबी ओहोटीबरोबर पुन्हा समुद्रात परतते. चिंबोरीची मादी याच्या उलट खाडीत वाढते आणि अंडी सोडायला समुद्राकडे जाते. म्हणजे समुद्रातील मासळीचे पाळणे खाडीच्या चिखलात हलत असतात. भरसमुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यात सापडणाऱ्या कोलंबीने आपले बालपण अशाच एखाद्या खाजणात घालवलेले असते. मनूच्या कथेतील घट आणि खड्डा तो हाच.

सागरी जीवसृष्टीच्या रक्षणाची गोष्ट निघाली की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांसमोर प्रवाळ उभे राहते, ते योग्यच आहे. प्रवाळभित्ती म्हणजे समुद्रातील नगरेच होत. त्यांचे महत्त्व ओळखून २००१ मध्ये प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान देण्यात आले. वाघाला जे कायदेशीर संरक्षण, तेच प्रवाळाला मिळाले. म्हणूनच मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या आड हाजीअली आणि वरळी येथील खडकांवरील प्रवाळ आले, तेव्हा २०२० मध्ये रीतसर परवानगी घेऊन आणि शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्यांच्या १८ वसाहती उचलून अन्यत्र बसविण्यात आल्या. कोट्यवधींच्या प्रकल्पाला तळहाताएवढ्या जीवांसाठी थांबावे लागले, ही कायद्याची ताकद. परंतु ट्रॉम्बेच्या गढूळ पाण्यात प्रवाळ नाही. तिथे आहेत ती चिखलात बिळे करणारी खेकडी, उड्या मारणारे निवटे आणि नजरेत न भरणारे किडे. रंगरूप नसल्यामुळे त्यांना चाहते नाहीत. समुद्राच्या अर्थव्यवहारात प्रवाळभित्तीचे जे काम, तेच येथे कांदळवन आणि चिखल करतात, हे मात्र कुणी फारसे ध्यानात घेत नाही.

याबाबत काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यातील कांदळवनांच्या तोडीवर निर्बंध आणले आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात कांदळवनांचा विनाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला होय, असा निर्वाळा दिला. २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच फ्लेमिंगोंचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये या खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान देण्यात आला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवनांचे क्षेत्र १८६ चौरस किलोमीटर होते, ते २०२१ च्या अहवालात ३२४ चौरस किलोमीटर झाले. २०२३ च्या अहवालात त्यात थोडी घट दिसली, तरी एकूण चित्र दिलासा देणारे आहे. न्यायालय, शासन, वनकर्मचारी आणि चिकाटीने लढणारे निसर्गप्रेमी या सर्वांना याचे श्रेय आहे.

मग तडे कुठे जात आहेत? झाडे राखली गेली, पक्ष्यांची मोजदाद झाली. पण झाडांच्या मुळाशी येणारे पाणी तसेच राहिले. ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांबीची असून तिचे ठाण्याकडील टोक चिंचोळे आणि गाळाने भरत आलेले आहे. पावसाळा सोडला तर तिला गोड्या पाण्याचा मोठा ओघ नाही. त्यामुळे भरतीने आत ढकललेली घाण ओहोटीने पूर्णपणे बाहेर जात नाही. ती आतल्या आत फिरत राहते. एका काठाला मुंबईची पूर्व उपनगरे, दुसऱ्या काठाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि नवी मुंबई, अशा दोन्ही बाजूंनी या अरुंद पात्रात सांडपाणी उतरते. देवनारची कचराभूमी १९२७ पासून या खाडीच्याच काठावर आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांनाही दिसला. पण पावसाळ्यात तिच्यातून झिरपणारे काळे पाणी कोणत्याच छायाचित्रात येत नाही. मैलापाणी पाण्यातील प्राणवायू शोषून घेते आणि त्याचा पहिला बळी ठरतात ती पळून जाण्याइतकी मोठी न झालेली पिल्ले.

येथे एक विचित्र विसंगती आहे. नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. १९९० च्या दशकापासून त्यांची संख्या वाढत गेली आणि अलीकडच्या काही हंगामांत ती लाखाच्या घरात पोहोचली. शहर त्यांच्यावर लोभावले, त्यात नवल नाही. परंतु त्यांतील धाकटा रोहित प्रामुख्याने नीलहरित शैवालावर जगतो आणि सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे हे शैवाल फोफावते. म्हणून खाडी गुलाबी झाली याचा अर्थ खाडी निरोगी झाली, असा होत नाही. अतिथीचे स्वागत करणे ही आपली संस्कृती आहेच; पण अंगणातील अतिथींचे कौतुक करताना घरातील माणसे आजारी आहेत, याकडे दुर्लक्ष करणे ही संस्कृती नव्हे. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाची धडक बसून ३९ रोहित पक्षी मृत्युमुखी पडले, तेव्हा सारे शहर हळहळले. ती हळहळ खरी होती. परंतु खाडीच्या पाण्यात प्रत्येक हंगामात जगण्याआधीच मरणाऱ्या कोट्यवधी पिल्लांसाठी एक ओळही छापून येत नाही.

शिवाय हा प्रश्न एका अभयारण्याच्या सीमारेषेत मावणारा नाही. अभयारण्य ऐरोली आणि वाशी या दोन पुलांदरम्यानच्या पश्चिम काठाचे. पण पाणी पुलाखाली थांबत नाही आणि मासा अधिसूचना वाचत नाही. पिल्ले येतात ती बंदराच्या बाजूने, ट्रॉम्बेच्या धक्क्यांवरून आणि तेलवाहू जहाजांच्या वाटेवरून. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. भरतीने ते मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरील कांदळवनांपर्यंत आणले. श्वसनमुळांवर तेलाचा थर बसला की झाड गुदमरते आणि चिखलात मुरलेले तेल वर्षानुवर्षे निघत नाही. त्या दिवसांत कोळ्यांना मासेमारी थांबवावी लागली आणि मासळीबाजार ओस पडले. दुर्घटना समुद्रात झाली, पण दंड भरला तो खाडीने आणि खाडीवर पोट असणाऱ्यांनी.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. कारखाने, बंदरे, पूल आणि घरे यांविना देश कसा चालणार? हा प्रश्न खोटा नाही. ट्रॉम्बेचे कारखाने उद्या बंद करा, असे म्हणणारा पर्यावरणवाद इथल्या कामगाराच्या संसाराचा आणि देशाच्या गरजेचा विचार करीत नाही. विकासाला सरसकट विरोध करणे हे जितके एकांगी, तितकेच विकासाच्या नावाखाली खाडीला गटार मानणे हेही एकांगी आहे. याच ट्रॉम्बेत अणुशक्तीसारखी दुर्घट विद्या आपल्या शास्त्रज्ञांनी अत्यंत काटेकोर शिस्तीने हाताळली. गळतीचा एक थेंबही मोजायचा, त्याची नोंद ठेवायची आणि चूक होण्याआधी तिचा विचार करायचा, ही ती शिस्त. जो देश अणूला शिस्त लावू शकतो, त्याला आपल्या मैलापाण्याला शिस्त लावता येऊ नये, हे मनाला पटणारे नाही. उणीव ज्ञानाची नाही, अग्रक्रमाची आहे.

मुंबईतील सात मलजल प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. दररोज एकूण २,४६४ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करण्याची त्यांची नियोजित क्षमता आहे. त्यांतील घाटकोपर आणि भांडुप या दोन केंद्रांचा थेट संबंध ठाणे खाडीशी आहे. एखादा उड्डाणपूल रखडला की वृत्तपत्रे रकाने भरतात आणि लोकप्रतिनिधींना जाब विचारला जातो. या दोन केंद्रांच्या प्रत्येक महिन्याच्या प्रगतीचा जाब त्याच तीव्रतेने विचारला गेला पाहिजे. खाडीकाठच्या नाल्यांच्या मुखाशी पाण्याची नियमित तपासणी व्हावी आणि तिचे आकडे कोळीवाड्याच्या चावडीवर मराठीत लागावेत. तेलगळतीच्या वेळी कांदळवनांच्या तोंडाशी अडसर किती वेळात पोहोचतील, याचा सराव बंदर, कारखाने आणि मच्छीमार यांनी मिळून दरवर्षी करावा. आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई या तीन महापालिकांनी खाडीकडे आपापल्या हद्दीची मागची बाजू म्हणून न पाहता एकच जलाशय म्हणून पाहावे. यांतील एकही गोष्ट अशक्यप्राय नाही.

मात्र हे सारे करताना एक चूक टाळली पाहिजे. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील प्रवाळांचा तो अमोल ठेवा. हेतू उत्तम होता. परंतु पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर जगणाऱ्या मच्छीमारांना विश्वासात घेतले गेले नाही. परिणामी अभयारण्य म्हणजे आपल्या पोटावर पाय, अशी त्यांची भावना झाली आणि विरोध दीर्घकाळ धुमसत राहिला. पुढे २०१७ पासून शासनाने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्मिती योजना आणली आणि खेकडापालन, कालवपालन यांसारख्या उद्योगांतून किनाऱ्यावरील गावांना कांदळवनाच्या राखणीत सहभागी करून घेतले. दिशा हीच योग्य आहे. ट्रॉम्बेच्या खाडीत कुठे पाण्याचा रंग पालटला, कुठले मासे दिसेनासे झाले, जाळ्यात मासळीऐवजी प्लास्टिक किती आले, हे सर्वांत आधी कळते ते तिथल्या कोळी बांधवाला. खाडीविषयी निर्णय घेणाऱ्या प्रत्येक समितीत त्याला मानाचे आसन हवे, केवळ साक्षीदाराचे नको.

निसर्गाची मर्यादा पाळण्याचा धडा आपल्या समाजाला परक्यांकडून शिकावा लागत नाही. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात काही जातींचे मासे आणि कासवे अवध्य ठरवली आहेत, तसेच ठरावीक तिथींना मासळी मारण्यास व विकण्यास मनाई केली आहे. किनाऱ्यावरील कोळी समाज तर पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतो आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मगच समुद्रात उतरतो. माशांच्या विणीचा हा काळ पाळण्याची शिस्त धर्माचरणात गुंफलेली होती. आजच्या कायद्यानेही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी ठेवली आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. शासनाचा नियम आणि समाजाची श्रद्धा एकाच दिशेने बोलू लागतात, तेव्हा नियम पाळला जातो. त्यांची फारकत झाली की उरते ती केवळ दंडाची पावती.

म्हणूनच या प्रश्नात शासनाला चार शब्द सुनावून मोकळे होता येणार नाही. मासळी खाणाऱ्या घराने बाजारात तळहाताएवढेही नसलेले पापलेट स्वस्तात मिळाले म्हणून घेऊ नये; गिऱ्हाईक नाही तर शिकार नाही. न खाणाऱ्या घरालाही सुटका नाही, कारण त्याच्या न्हाणीघरातले पाणीही याच खाडीत जाते. भक्तिभावाने वाहिलेली फुले प्लास्टिकच्या पिशवीसकट पुलावरून खाडीत भिरकावणे, उत्सवानंतर मखराचा थर्माकोल पाण्यात सोडणे, याला निर्माल्य विसर्जन म्हणता येत नाही. ज्या पाण्याला आपण वरुणदेवतेचे रूप मानतो, त्यात न विरघळणारी वस्तू टाकताना हात थरथरला पाहिजे. ठिकठिकाणी निर्माल्य वेगळे गोळा करून त्याचे खत करण्याचे उपक्रम तरुणांनी चालवले आहेत. खाडीकाठच्या प्रत्येक वस्तीत ते पोहोचावेत. सेवाकार्यात रमलेल्या कार्यकर्त्यांनी मुलांना घेऊन एखाद्या रविवारी ओहोटीच्या वेळी ट्रॉम्बेच्या धक्क्यावर जावे. रोहितांचे थवे पाहावेतच. पण क्षणभर खाली वाकून चिखलाकडेही पाहावे. तिथे निवटा श्वसनमुळावर चढलेला दिसेल, खेकडी बिळातून डोकावताना दिसतील आणि त्यांच्या शेजारी औषधाची रिकामी बाटलीही दिसेल. एखाद्या कोळी आजोबांना पंधरा मिनिटे बोलते केले, तर पुस्तकातल्या दहा धड्यांहून अधिक शिकायला मिळेल.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईने प्रलय म्हणजे काय, ते अनुभवले. मिठी नदीचे काठ आणि मुखाजवळचे खाजण भरावाखाली गेल्याची किंमत त्या दिवशी शेकडो कुटुंबांनी आपली माणसे गमावून मोजली. पाण्याला पसरायला जागा आणि लाटेला अडवायला झाडे लागतात, हे शहराला तेव्हा उमगले. तापत्या समुद्रामुळे आणि वाढत्या जलपातळीमुळे असे दिवस पुन्हा येणार, असा इशारा शास्त्रज्ञ वारंवार देत आहेत. त्या वेळी पूर्व उपनगरांच्या दाराशी उभी राहणार आहे ती हीच तिवरांची रांग आणि हाच चिखल.

मनूने ओंजळीतला मासा फेकून दिला असता, तर त्या सकाळी त्याचे काहीच बिघडले नसते. बिघडले असते ते पुढे, पाणी चढू लागल्यावर. आज ट्रॉम्बेच्या खाडीतला मासा मुंबईच्या ओंजळीत आहे. त्याला घट द्यायचा की गटार, हे पाणी चढण्याआधी ठरवावे लागेल.